प्रतिपुरुष चिकित्सा आणि तिचे परीक्षण : आमवात व जानुसंधिवात यांवरील संशोधनातून काही बोध



केवळ औषधाचे ज्ञान असून भागत नाही. देश, काल आणि समोरचा रुग्ण पाहून जो त्याची योजना करतो तोच खरा वैद्य, अशी आपल्या शास्त्राची शिकवण आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आलेली दशविध परीक्षा याचसाठी आहे. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय अशा दहा अंगांनी पाहिले असता एकाच व्याधीचे दोन रुग्ण सहसा सारखे उरत नाहीत. साहजिकच त्यांची चिकित्साही एकसारखी राहत नाही.

हाच मुद्दा पुढे करून आपल्यापैकी अनेकजण म्हणतात की, आमची चिकित्सा व्यक्तिगणिक बदलते, म्हणून आधुनिक पद्धतीच्या चाचण्या आयुर्वेदास लागूच पडत नाहीत. या विधानाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमच्या मते ते अर्धे खरे आहे.

आमचा एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयातील आमवाताच्या रुग्णांचा एक लेख करावा असे आम्ही ठरविले. रुग्ण बरे झाल्याची आमची खात्री होती. जुने केसपेपर काढून बसलो, तेव्हा बहुतेकांवर पहिल्या दिवशी 'संधिशूल, संधिशोथ, ज्वर, अरुची' आणि पुढे 'उपशय आहे' एवढेच लिहिलेले आढळले. किती सांधे सुजले होते, सकाळचे जखडणे किती वेळ टिकत होते, रुग्ण अन्य कोणती औषधे घेत होता, याचा पत्ता नाही. जे रुग्ण मध्येच येईनासे झाले ते बरे झाले की अन्यत्र गेले, हेही कळेना. लेख झाला नाही. आमची चिकित्सा कदाचित उत्तम असेल. पण ते दाखविण्यास आमच्याजवळ स्मरणाखेरीज काही नव्हते, आणि स्मरणात यशच अधिक राहते.

कोइम्बतूर येथील अभ्यास

व्यक्तिगणिक बदलणाऱ्या चिकित्सेचे परीक्षण होऊ शकते काय, याचे उत्तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. कोइम्बतूर येथे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ४३ रुग्णांचे यदृच्छेने तीन गट करण्यात आले. पहिल्या गटात १४ रुग्णांना मेथोट्रेक्सेट व आयुर्वेदीय औषधांसारखी दिसणारी निष्क्रिय द्रव्ये, दुसऱ्यात १२ जणांना आयुर्वेदीय औषधे व मेथोट्रेक्सेटसारखी निष्क्रिय गोळी, आणि तिसऱ्यात १७ जणांना दोन्ही खरी औषधे मिळाली. रुग्णास वा चिकित्सकास गट ठाऊक नव्हता. विशेष म्हणजे आयुर्वेदीय चिकित्सा सर्वांना एकच नव्हती. ती रुग्णानुसार ठरविली जात होती. निरीक्षण ३६ आठवडे चालले.

फलित असे : ए.सी.आर.-२० या निकषावर मेथोट्रेक्सेट गटात ८६ टक्के, आयुर्वेद गटात १०० टक्के आणि संयुक्त गटात ८२ टक्के रुग्णांना लाभ झाला. मात्र डी.ए.एस.-२८ हा व्याधीच्या तीव्रतेचा अंक अनुक्रमे २.४, १.७ आणि २.४ ने उतरला. प्रतिकूल लक्षणांच्या नोंदी अनुक्रमे १७४, ११२ आणि १७६ होत्या. यांपैकी कोणताही फरक संख्याशास्त्रदृष्ट्या सिद्ध झाला नाही.

या आकड्यांतील '१०० टक्के' तेवढे उचलून जाहिरात करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो टाळावयास हवा. बारा रुग्णांचे शंभर टक्के म्हणजे बाराच रुग्ण. शिवाय दुसऱ्या मापाने तोच गट मागे दिसतो. फरक सिद्ध न होणे म्हणजे समानता सिद्ध होणे नव्हे. हा प्राथमिक अभ्यास होता आणि त्याचे खरे मोल निराळेच आहे : वैद्याचे स्वातंत्र्य अबाधित ठेवूनही अंधपरीक्षण करता येते, हे त्याने दाखविले.

बर्लिन आणि पुणे

दुसरे उदाहरण जर्मनीतील. बर्लिन येथील संशोधकांनी जानुसंधिवाताच्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७७ जणांना रुग्णानुसार ठरविलेली आयुर्वेदीय चिकित्सा, आहार व उपक्रमांसह, तर ७४ जणांना तेथील प्रचलित उपचार देण्यात आले. १२ आठवड्यांनी वोमॅक हा वेदना व हालचालींचा अंक आयुर्वेद गटात सरासरी ६१ ने, तर दुसऱ्या गटात ३२ ने उतरला. फरक मोठा व सिद्ध आहे. तथापि, आपणांस कोणती चिकित्सा मिळते हे रुग्णांना ठाऊक होते. स्नेहन-स्वेदनासारखे उपक्रम लपविता येत नाहीत. त्यामुळे परिणामाचा किती अंश औषधाचा, किती उपक्रमांचा आणि किती आस्थेने केलेल्या परिचर्येचा, हे या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

तिसरा अभ्यास पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. यात रुग्णानुसार बदल नव्हता. शुंठी, गुडूची, आमलकी यांचे घन व त्यांसह सल्लकी, असे दोन ठरावीक कल्प जानुसंधिवाताच्या ४४० रुग्णांत ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी २४ आठवडे ताडून पाहिले गेले. वेदना व हालचालीच्या बाबतीत ते समतुल्य ठरले. परंतु काही रुग्णांत यकृताचा एस.जी.पी.टी. हा घटक कोणतेही लक्षण नसताना वाढलेला आढळला. रक्ततपासणी ठरलेली होती म्हणून तो सापडला. 'वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी' असे मानून कोणी तपासलेच नसते, तर तो दिसलाही नसता.

प्रश्न प्रकृतिपरीक्षेचा

प्रतिपुरुष चिकित्सेचा पाया परीक्षेत आहे. मग एकाच व्यक्तीची प्रकृती दोन वैद्य एकसारखी सांगतात काय? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ वैद्यांनी २० निरोगी व्यक्तींची नाडी, जिव्हा आणि प्रकृती तपासली. त्यांच्या निदानांतील एकवाक्यता बहुतांशी क्षीण आढळली. हे वाचून राग येतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु दुसरी बाजूही पाहावी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या अभ्यासात ३४१६ पुरुषांची प्रकृती पाहून, एक दोष ठळक असलेले आणि ज्यांच्याविषयी वैद्य व संगणकीय प्रश्नावली यांचे एकमत झाले असे २६२ जण निवडले गेले. त्यांच्या जनुकांत प्रकृतीनुसार काही भेद दिसले. दोन्ही अभ्यास एकत्र वाचल्यास बोध स्पष्ट होतो : संकल्पनेत तथ्य असण्याची शक्यता आहे, पण ती मोजण्याची आपली रीत सैल आहे. निकष आधी लेखी ठरवून परीक्षा केली तर हाती काही लागते.

आपण काय करावे

१. पहिल्या दिवशीच मापन करावे. आमवातात सुजलेल्या व दुखऱ्या सांध्यांची संख्या, सकाळच्या जखडण्याची मिनिटे, शून्य ते दहा या पट्टीवर वेदना, ई.एस.आर. अथवा सी.आर.पी. एवढे पुरे. हीच मापे ठरावीक अंतराने पुन्हा घ्यावीत.

२. निर्णयाचे कारण लिहावे. साम अवस्था पाहून लंघन-दीपन दिले की निराम अवस्थेत बस्ती योजिली, सिंहनाद गुग्गुळ का निवडला, हे दोन ओळींत नोंदवावे. प्रतिपुरुष चिकित्सेत परीक्षण एका औषधाचे नसून निर्णयाच्या नियमाचे होत असते. नियमच लिहिला नाही तर परीक्षण कशाचे करणार?

३. जे रुग्ण येईनासे झाले त्यांचीही गणना ठेवावी. त्यांना वगळून काढलेले यश फसवे असते.

४. विबंध, अम्लपित्त यांसारख्या जुनाट व स्थिर तक्रारींत एकाच रुग्णावर औषधकाल व विश्रांतिकाल आलटून-पालटून, रुग्णाच्या संमतीने, नोंद ठेवता येते. शोधनोपक्रमांना ही पद्धत लागू नाही, कारण त्यांचा परिणाम थांबविल्यावरही टिकतो.

५. मेथोट्रेक्सेटसारखे औषध चालू असलेल्या रुग्णास ते परस्पर बंद करण्यास सांगू नये. या व्याधीत सांध्यांची झीज वेदना कमी असतानाही पुढे सरकू शकते. दोन्ही चिकित्सा चालू असल्यास यकृताची तपासणी नियमित करावी.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी

रुग्णानुसार बदलावयाचा तो वैद्याचा निर्णय. कल्प बदलता कामा नये. एकाच नावाचा गुग्गुळकल्प दोन घाण्यांत निराळा निघाला, तर रुग्णाच्या प्रतिसादातील फरक प्रकृतीचा की औषधाचा, हे कोणासही सांगता येणार नाही. म्हणून घाण्याचा क्रमांक केसपेपरवर यावा अशी सोय उभयतांनी करावी. तसेच संपूर्ण चिकित्सापद्धतीच्या अभ्यासातील यश एखाद्या एकट्या उत्पादनाच्या वेष्टनावर छापणे योग्य नव्हे. २०१० पासून औषध नियमावलीतील नियम १५८-ब नुसार परवान्यासाठी सुरक्षितता व परिणामकारकतेच्या पुराव्याच्या अटी आहेतच. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याचाही विसर पडू नये.

सारांश

आयुर्वेदाचे परीक्षण अशक्य नाही. ते अवघड आहे. कोइम्बतूर व बर्लिन येथे ते झाले, कारण तेथे प्रत्येक रुग्ण मोजला गेला आणि प्रत्येक निर्णय नोंदला गेला. आमच्या चिकित्सालयात आता पहिल्या भेटीच्या कागदावर सांध्यांची आकृती छापलेली असते. तिच्यावर खुणा करण्यास तीन-चार मिनिटे लागतात. ज्या रुग्णांस लाभ झाला नाही तेही आता आम्हांस दिसू लागले आहेत, आणि आमची चिकित्सा सुधारली असेल तर ती त्यांच्यामुळेच. वाचकांनी आपापल्या चिकित्सालयात एका व्याधीपुरता तरी हा प्रयत्न करावा आणि आपली निरीक्षणे, अपयशासह, या अंकाकडे पाठवावीत, ही नम्र विनंती.