विद्येचा विनियोग : केव्हिन पोल्सन यांचे उदाहरण

येथे सावेडीस आमच्या संगणकाच्या तासाला एका चलाख मुलाने शेजाऱ्याचा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, ओळखून त्याची खाजगी पत्रे वाचली. विचारता तो म्हणाला, "सर, मी काही चोरले नाही, नुसते पाहिले." या उत्तरात कितपत तथ्य आहे, हे एका खऱ्या चरित्रावरून पाहू.

केव्हिन पोल्सन यांचा जन्म १९६५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात झाला. टेलिफोन कंपनीच्या संगणकांत परवानगीवाचून शिरण्याची युक्ती त्यांनी तरुणपणीच साधली. 'डार्क दांते' हे त्यांचे टोपणनाव. १९९० साली लॉस एंजेलिसच्या एका नभोवाणी केंद्राने १०२ वा फोन करणाऱ्यास पोर्श मोटार बक्षीस ठेविली. पोल्सन व त्यांच्या साथीदारांनी केंद्राच्या टेलिफोन लाइनींवर ताबा मिळविला, इतरांचे फोन अडविले आणि बक्षीस पटकाविले. कोणाची तिजोरी फोडली नव्हती हे खरे. परंतु प्रामाणिकपणे फोन लावीत बसलेल्या लोकांची संधी मात्र चोरली गेली.

१९९१ च्या एप्रिलात ते पकडले गेले. सुमारे पाच वर्षे तुरुंगात काढून ते १९९६ साली सुटले, तेव्हा पुढील तीन वर्षे संगणक वापरण्यास त्यांस मनाई होती. त्यानंतर त्यांनी संगणकसुरक्षेविषयी वार्ता लिहिण्याचा व्यवसाय पत्करला व पुढे 'वायर्ड'च्या संपादकवर्गात त्यांचा समावेश झाला.

२००६ साली त्यांनी लैंगिक अत्याचारांबद्दल शिक्षा झालेल्यांची जाहीर सरकारी यादी, तरुणांचा मोठा राबता असलेल्या 'मायस्पेस' या संकेतस्थळावरील नावांशी स्वतः रचलेल्या आज्ञावलीने ताडून पाहिली. नाव सारखे म्हणजे माणूस तोच, असे न मानता त्यांनी एकेक नोंद स्वतः तपासली आणि ७४४ जण निश्चित केले. त्यांपैकी एकास पोलिसांनी पुढे अटकही केली.

येथे नीट लक्ष द्यावे. कौशल्य पूर्वीचेच होते. परंतु या वेळी यादी सर्वांस खुली होती, कोणतेही कुलूप मोडले नव्हते, आणि लेखाखाली टोपणनाव नसून लेखकाचे खरे नाव होते.

पालकांनीही ध्यानी घ्यावे की, आपल्या देशाच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार दुसऱ्याच्या संगणकात विनापरवानगी शिरणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. हेतू अप्रामाणिक असल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तथापि मुलाच्या हातून यंत्र हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. त्याच्या बुद्धीस उघड्यावर करण्याजोगे काम द्यावे.

आम्ही त्या मुलास तेच दिले. प्रथम त्याने मित्राची क्षमा मागितली. मग आमच्या परवानगीने, आमच्या समक्ष, वर्गातील कोणते परवलीचे शब्द सहज ओळखता येतात, हे त्याने दाखविले. त्यांत एक आमचाही निघाला. तो आम्ही त्याच दिवशी बदलला.