प्रसूतिकक्षातील सोबतीण : डूला

डूला म्हणजे सुईण नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे; कारण व्यवसायबंधूंचा पहिला आक्षेप नेमका तिथेच असतो. डूला गर्भवतीची तपासणी करीत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डाना राफेल यांनी १९७३ साली तो नवमातेला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी योजला. गरोदरपणातील दोन-तीन भेटींत ती मातेच्या मनातील भीती ऐकून घेते. आणि कळा सुरू झाल्या की बाळ हाती येईपर्यंत तिच्यापासून हलत नाही. कंबर चोळणे, कूस बदलण्यास मदत करणे, हाताला धरून चालवणे, घोटभर पाणी देणे, कामे एवढीच.

एवढ्याने काय साधते? सोसा, केनेल, क्लाऊस आदींचा ग्वाटेमालातील अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. गुंतागुंत न झालेल्या पहिलटकरणींपैकी ज्यांना सोबत होती त्यांना दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी ८.८ तास लागले. एकट्या असलेल्यांना १९.३. भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढून गर्भाशयाचे आकुंचन मंदावते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मला मात्र अधिक विचारात पाडले ते १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ह्यूस्टन येथील प्रयोगाने. तेथे एका गटाला डूला दिली, दुसऱ्याला नेहमीचीच सेवा. तिसऱ्या गटात एक निरीक्षक खाटेपासून दूर बसून केवळ टिपणे घेई. बोलणे नाही, स्पर्श नाही. सिझेरियनचे प्रमाण डूला असलेल्या गटात ८ टक्के, नेहमीच्या सेवेत १८ टक्के, आणि या मुक्या निरीक्षकेच्या गटात १३ टक्के! कोणीतरी सतत खोलीत आहे, एवढ्यानेही फरक पडला.

पुढील आकडे इतके नाट्यमय नाहीत, हेही नमूद करावयास हवे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात प्रसूतीचा काळ सरासरी सुमारे ४० मिनिटांनीच घटलेला दिसतो. सिझेरियनही कमी, पण ह्यूस्टनइतके नव्हे.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. पण माहेरची माणसे प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर. निवासी डॉक्टर असताना मीही किती आयांना ‘बाहेर थांबा’ म्हणून बजावले आहे! दुसऱ्या खेपेस तर माहेरही दूर असते. हैदराबादेत सासरी आलेल्या मराठी मुलीला कळांच्या भरात परिचारिकेच्या तेलुगू सूचना उमगत नाहीत. आणि ‘ही ऐकतच नाही’ असा शेरा तिच्यावर बसतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीस मुभा दिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये स्त्रीच्या पसंतीच्या सोबतीची शिफारस केली. व्यवसायाने डूला असलेली स्त्री प्रत्येकीला परवडणार नाही. परंतु सातव्या महिन्याच्या तपासणीस ‘सोबत कोण असणार?’ हे विचारून नाव केसपेपरवर लिहिता येते. त्या बाईला एकदा प्रसूतिकक्ष दाखवावा, कोठे हात लावायचा नाही ते सांगावे. दोन खाटांमध्ये पडदा मात्र हवा. शेजारणीची लाजही आपणच राखायची असते.