नाबोथाचे वतन

आजचा शास्त्रभाग : १ राजे २१:१-२९



इथे टोरांटोत आमच्या मंडळीत उपासनेच्या सुरुवातीला एक छोटे निवेदन वाचतात : आपण जमलो आहोत ती भूमी मिसिसॉगा आणि इतर आदिवासी राष्ट्रांची आहे. गेल्या रविवारी माझी पाळी होती. यायलाच उशीर झालेला, मग मी ते सूचना वाचाव्यात तसे भरभर वाचून टाकले. संध्याकाळी रोजच्या वाचनात हा अध्याय आला आणि तिसऱ्या वचनाशी मी अडकलो.

अहाब सुरुवातीला काही हिसकावत नाही. बदल्यात चांगला मळा देतो म्हणतो, नाहीतर रोख पैसे. नाबोथ नकार देतो, कारण ते पूर्वजांचे वतन. आपल्या मराठी शास्त्रातला हा शब्द किती नेमका आहे! आमच्या आजोबांचे शेत धरणात गेले. पैसे मिळाले, पण जुना सातबारा त्यांनी मरेपर्यंत ट्रंकेत जपला होता.

पुढे बघा, ईजबेल तलवार उपसत नाही. ती पत्रे लिहिते, राजाच्या नावाने, राजाची मोहोर लावून. कागदोपत्री सगळे चोख! टोरांटोचेही तसेच. १७८७ च्या खरेदीखतात जमिनीचे वर्णनच नव्हते, जागा कोरी. म्हणून १८०५ मध्ये पुन्हा करार केला : सुमारे अडीच लाख एकर, रक्कम १० शिलिंग. त्या व्यवहारावरचा मिसिसॉगांचा दावा मिटायला २०१० साल उजाडले. कॅनडा सरकारने साडेचौदा कोटी डॉलर दिले.

मी तर कालपरवा आलो, कर्ज काढून घर घेतले, माझा काय संबंध? खरे सांगतो, हेच मनात आले. पण ती पत्रे अहाबानेही लिहिली नव्हती. तो फक्त आयत्या मळ्यात ताबा घ्यायला उतरला, आणि एलीया त्यालाच गाठतो.

शिवाय मंडळीचा हिशेब आहेच. दीड लाखाहून अधिक आदिवासी मुले घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली, आणि त्यातल्या बहुतेक शाळा चर्चने चालवल्या. येशूच्या नावाने मुलांची मातृभाषा तोडली! १९८६ मध्ये सडबरी इथे युनायटेड चर्चने आदिवासींची क्षमा मागितली. वडीलधाऱ्यांनी ती ऐकून घेतली, पण स्वीकारली असे म्हटले नाही. त्या प्रसंगाची आठवण म्हणून दगडांची रास रचली, तीही मुद्दाम अपुरी ठेवली. क्षमा मागणाऱ्याने घाई करायची नसते ना.

अहाबाने शेवटी गोणपाट नेसले, उपास केला. देवाने ते पाहिलेही. पण मळा नाबोथाच्या घरच्यांना परत दिला, असे या अध्यायात कुठेच नाही. इतकी वर्षे वाचून हे मला दिसले नव्हते.

सत्य व सलोखा आयोगाच्या ९४ आवाहनांपैकी ५९ वे चर्चसाठी आहे : या इतिहासात आपला वाटा काय, हे मंडळीला शिकवा. पुढच्या बुधवारच्या अभ्यासवर्गात तेच घेऊया असे पाळकसाहेबांना विचारले आहे. ब्रँटफर्डची जुनी शाळा इथून फार लांब नाही. जमले तर तिथेही जाऊ.

प्रार्थना : प्रभू, जे मी भरभर वाचून टाकले ते मला सावकाश वाचायला शिकव. गोणपाटावर थांबू देऊ नकोस. आमेन.