समोरच्याला कळलं का?

माकणी, लोहारा, उमरगा या पट्ट्यातले पालक दहावी-बारावीच्या निकालानंतर हमखास विचारतात, "सर, पोरगी हुशार आहे, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?"

क्लास जरूर लावा. पण चांगलं बोलणं कशाला म्हणायचं, हे आधी घरात ठरवा. माझ्या मते त्याची कसोटी एकच आहे: आपण बोललो ते समोरच्याला कळलं का, आणि कळल्यावर त्याला पुढचं काम करता आलं का? या कसोटीवर उतरलेल्या बायका याच भागात होऊन गेल्या. त्यांचं काम प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवं.

भूकंपानंतरच्या संवाद सहायक

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारीचं नाव जगभर झालं, पण माकणीजवळच्या सास्तूरनंही तेच भोगलं. बावन्न गावं नव्या जागी वसवण्यात आली. उरलेल्या शेकडो गावांत जुनी घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. सरकारनं जागतिक बँकेच्या साहाय्यानं तो कार्यक्रम हाती घेतला. अनुदान घरमालकाला मिळणार होतं आणि काम त्यानंच करून घ्यायचं होतं.

अडचण समजुतीची होती. अनुदान कुणाला, किती, कोणत्या टप्प्यावर, हे लोकांना नीट कळत नव्हतं. इंजिनिअरची भाषा वेगळी, गावाची वेगळी. माती-दगडाची जाड भिंत आणि माळवदाचं ओझं यांनी माणसं गाडलेली, त्यामुळे दगडावरचा विश्वासच उडालेला. अशा वेळी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना पुढे आणलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आलं. त्या घरोघरी गेल्या, योजनेची माहिती दिली, बैठका घेतल्या, लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या आणि बांधकामाचं तंत्रही शिकल्या. २००१ च्या भूकंपानंतर इथल्या बायका गुजरातमध्ये जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या.

त्यांच्या कामातली खुबी बघा. भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे लांब दगड का बसवायचे, हे घरमालकाला पटलं तरच तो ते बसवणार. म्हणून आधी त्याची भीती ऐकून घ्यायची, मग त्याच्या बोलीत कारण सांगायचं आणि ज्याचं उत्तर स्वतःला देता आलं नाही असा प्रश्न इंजिनिअरकडे न्यायचा. ऐकणं, सोपं करून सांगणं आणि निरोप अचूक पोचवणं, या तीन गोष्टींवर सगळा कार्यक्रम उभा होता.

हे कौशल्य कोणत्या करिअरला लागतं?

"आमच्या मुलाला डॉक्टर व्हायचंय, त्याला बोलण्याचं काय?" असं वाटत असेल, तर लक्षात घ्या की २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग शिकवला जातो. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत आणि ती मराठीतून देता येते. नर्स, बँक अधिकारी, साइट इंजिनिअर, कृषी सहायक, वकील यांचं तर रोजचं कामच समजावून सांगण्याचं आहे. ज्यांना लोकांमध्येच राहून काम करायची ओढ आहे, त्यांनी समाजकार्य आणि ग्रामविकासाचे अभ्यासक्रम पाहावेत. आपल्याच जिल्ह्यात तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे.

विद्यार्थ्यांनी रोज काय करावं?

एक धडा वाचून झाला की तो घरातल्या एखाद्याला पाच मिनिटांत सांगा. मग त्यांनाच विचारा, "तुम्हाला काय समजलं?" जिथे ते अडतील, तिथे तुमचंही समजणं कच्चं आहे. परीक्षेचा अभ्यासही यातून पक्का होतो.

आठवड्याला एक अर्ज लिहा. बँकेला, तलाठ्याला, प्राचार्यांना, कुणालाही. पहिल्याच वाक्यात काय हवंय ते, मग कारण, शेवटी सोबतची कागदपत्रं आणि फोन नंबर. व्हॉट्सॲपवर शिक्षकांना किंवा कंपनीला लिहितानाही नुसतं "हाय सर" लिहून थांबू नका. नाव, वर्ग, काम एकाच संदेशात सांगा.

अठरा पूर्ण होऊन गावाच्या मतदार यादीत नाव आलं असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. एक प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उभं राहून विचारा. चारचौघांत बोलण्याचा इतका चांगला सराव विकत मिळत नाही.

इंग्रजी शिकाच, पण आपल्या विषयातल्या वाक्यांपासून सुरुवात करा. मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हणाले, तर तीन गोष्टी सांगा: काय शिकलात, स्वतः काय केलंत, हे काम का हवंय. आईच्या बचत गटाचा हिशेब तुम्ही लिहीत असाल, तर तो अनुभव सांगायला लाजू नका. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" असं सरळ म्हणा.

पालकांसाठी

कमी बोलणारं मूल मागे पडेलच असं नाही. नीट ऐकणारी माणसं अनेकदा नेमकं बोलतात. मूल अडखळत बोलत असेल तर त्याला रागावू नका, वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवा.

मूल लातूरला किंवा पुण्याला हॉस्टेलवर असेल, तर फोनवर पहिला प्रश्न "टेस्टला किती पडले?" हा नसावा. आज दिवस कसा गेला, ते आधी विचारा. चुलतभावाच्या गुणांशी तुलना केली की मूल हळूहळू सांगणंच बंद करतं आणि अडचण आपल्याला सगळ्यांत शेवटी कळते. त्याच्या बोलण्यात सतत निराशा जाणवली, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो.

पैशांबद्दलही उघड बोला. "तुला जे करायचंय ते कर" म्हणायचं आणि फी ऐकून गप्प बसायचं, यानं मूल गोंधळतं. वर्षाला किती झेपेल, कर्ज काढायची तयारी किती, शेत विकणार की नाही, हे त्याला खरं सांगा. मुलानंही अभ्यासक्रमाचं नाव, वर्षं, खर्च, पुढच्या नोकऱ्या आणि प्रवेश न मिळाल्यास दुसरा मार्ग, हे एका पानावर लिहून आणावं.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी ते पान घेऊन सगळे अर्धा तास बसा. आधी मुलानं बोलावं, त्याला कुणी मध्येच तोडू नये. त्यानं काय सांगितलं ते वडिलांनी आपल्या शब्दांत परत सांगावं आणि वडिलांची काळजी मुलानं. दोघांनाही एकमेकांचं म्हणणं बरोबर सांगता आलं, की मग फॉर्म भरा.