वाचन पाठ : भुईमुगाचे बियाणे

मुलांनो, साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट असते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. ते दाणे ज्या पिकाचे, त्या भुईमुगाविषयी आज आपण वाचू.

भुईमूग आणि बटाटा, दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. दोघेही जमिनीखाली वाढतात. पण बटाटा हे खोड आहे आणि शेंग हे फळ. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते. मग त्यातून दोऱ्यासारखी आरी निघते, ती मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते.

आयर्लंडमध्ये 1845 साली बटाट्यावर करपा पडला, हे तुम्ही शाळेत शिकता. गरीब शेतकरी बहुतेक 'लंपर' हा एकच वाण लावीत. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या संकटाला इतरही कारणे होती. पण एकाच वाणावर विसंबू नये, हा धडा त्यातून मिळाला.

महाराष्ट्रात भुईमुगाचे नवे वाण कृषी विद्यापीठांनी काढले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव केंद्राने 'फुले प्रगती' (जेएल-24) हा सुमारे 90 दिवसांत तयार होणारा वाण दिला. पाऊस लवकर संपतो तिथे असा वाण उपयोगी पडतो. आफ्रिकेतल्या मालावी देशात तो 'काकोमा' नावाने गेला. टीएजी-24 या नावात तर पत्ताच आहे : ट्रॉम्बे, अकोला, ग्राउंडनट!

मग नवा वाण प्रत्येक शेतात का पोचत नाही? हिशोब करू. एका एकराला सुमारे 40 किलो दाणे पेरावे लागतात आणि एका किलोचे साधारण दहा किलोच होतात. ज्वारीचे एका किलोचे शंभर किलोही होतात. म्हणून भुईमुगाचे बियाणे वाढवायला वेळ लागतो, ते महाग पडते आणि खासगी कंपन्या त्यात फारशा पडत नाहीत. अकोल्याचे 'महाबीज' महामंडळ 1976 पासून बियाणे पुरवते, तरी पुष्कळ शेतकरी घरचेच बी पेरतात.

घरचे बी वाईट नसते. भुईमुगात स्वपरागीभवन होते, त्यामुळे वाण बराचसा शुद्ध राहतो. मात्र शेंगा नीट वाळवून, न फोडता ठेवाव्या लागतात. फोडलेल्या दाण्यांची उगवणशक्ती लवकर जाते. अडचणीच्या वर्षी घरात धान्य संपले किंवा कर्ज फेडायचे असले, तर बियाण्याचे पोतेही विकावे लागते. मग पेरणीला बी आणायचे कुठून? छोट्या शेतकऱ्याचे पुढचे वर्ष त्या एका पोत्यावर असते. हा पाठ आम्ही निवडला तो यासाठीच.

शब्दार्थ : वाण – पिकाची जात. आरी – शेंग धरणारा दांडा. करपा – पाने करपवणारा रोग. उगवणशक्ती – बी रुजण्याची ताकद.

स्वाध्याय :
1. बटाटा आणि शेंग यांत फरक कोणता?
2. दहा किलो बियाणे दरवेळी दहापट वाढले, तर तीन हंगामांनंतर किती एकरांना पुरेल? (उत्तर : 250)
3. आजी-आजोबांना फोन करून विचारा : तुमच्या गावी बी कशात साठवत?

पालकांसाठी : मे महिन्यात उबदार खिडकीत, कुंडीमध्ये कच्चे दाणे लावून पाहा. भाजलेले उगवत नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या घरी हा प्रयोग करू नये.