डॉक्टरांच्या शब्दाला वजन किती?

प्रश्न : आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं, असं बचत गटातल्या बायांना वाटतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर परवाना रद्द होईल का? – एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशीम

उत्तर : ताई, नुसत्या त्या पत्रावर परवाना जाणार नाही. स्कॉटलंडच्या २००५ च्या परवाना कायद्यात सार्वजनिक आरोग्याचं रक्षण हे उद्दिष्टच आहे, म्हणून तिथे डॉक्टरांच्या शब्दाला आधार मिळतो. आपल्याकडे मात्र निर्णय जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या हातात. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात आरोग्य आणि दारूबंदी शेजारी-शेजारी असताना परवान्याच्या टेबलावर डॉक्टरला जागा नसावी, हे मला मुळीच पटत नाही.

तुमचं खरं हत्यार म्हणजे ‘आडवी बाटली’, म्हणजेच दुकान बंद करण्यासाठीचं महिलांचं मतदान. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की पडताळणी होते, मग गुप्त मतदान. सहीतलं नाव मतदारयादीशी जुळलंच पाहिजे. यादीत माहेरचं नाव राहिलंय का, आधी बघा. आणि नीट लक्षात ठेवा, दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. ऊसतोडीला किंवा पुण्याकडे कामाला गेलेली बाई आली नाही, तर तिची गैरहजेरी दुकानदाराच्याच पथ्यावर पडते.

डॉक्टरांकडून दारूमुळे आलेल्या रुग्णांची, मारहाणीच्या जखमांची महिनावार संख्या मात्र जरूर मागा, रुग्णांच्या नावांशिवाय. ती ग्रामसभेत वाचा, निवेदनाला जोडा.