नाव बदललं तरी जुनी नोंद पुसू नका

पुस्तक एकदा दाखल झालं की त्याचं नाव बदलत नाही. मासिकाचं तसं नसतं. ते चालू असतं, आणि चालू असताना त्याचं नाव, मालक, संपादक, गाव, आकार, कालावधी यांतलं काहीही बदलू शकतं. ग्रंथालयात नियतकालिकांचा विभाग सांभाळणाऱ्याला हे बदल अंक हातात पडल्या पडल्या टिपावे लागतात. ते टिपले गेले नाहीत, किंवा चुकीच्या तऱ्हेने टिपले गेले, तर अंक कपाटात असूनही वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखे होतात. हे मी आमच्या ग्रंथालयात घडताना पाहिलं आहे. आता गावोगावची ग्रंथालयं आपल्या जुन्या नोंदी संगणकावर चढवत आहेत, म्हणून ते सविस्तर सांगते.

मी या विभागात रुजू होण्याआधी संगणकीकरणाचं काम बाहेरच्या एका संस्थेला दिलं होतं. त्यांची मुलं दिवसभर बांधीव खंडांसमोर बसायची आणि खंडाच्या कण्यावर सोनेरी अक्षरात जे नाव असेल ते टंकायची. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने खंड आमच्याकडे होते. हे मासिक १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघू लागलं तेव्हा त्याचं नाव ‘किर्लोस्कर खबर’ होतं. कारखान्याची बातमी देणारं ते पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली वाढत गेलं, सर्वसामान्य घरांत पोचलं आणि पुढे नावातली ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. बाइंडरने मात्र सगळ्या खंडांवर एकच नाव छापलं होतं, ‘किर्लोस्कर’. संगणकात तेच गेलं.

पुढे एक संशोधक विद्यार्थिनी आली. तिच्याकडे एका जुन्या लेखाचा संदर्भ होता, ‘किर्लोस्कर खबर’ असं नाव आणि विसाच्या दशकातलं साल. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने नाव टंकलं, काहीच आलं नाही, त्याने ‘नाही’ म्हणून सांगितलं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. ती परगावच्या ग्रंथालयात गेली. तिला हवा असलेला खंड आमच्याच माडीवर, तिसऱ्या मांडणीवर होता.

दुसरा परिणाम याहून गंभीर होता. वार्षिक साठा पडताळणीत जुन्या दाखलनोंद वहीतले ‘किर्लोस्कर खबर’चे परिग्रहण क्रमांक संगणकात जुळेनात. यादीत ते ‘गहाळ’ म्हणून आले आणि निर्लेखनाच्या प्रस्तावात त्यांची नावं लागली. खंडांच्या आतल्या पानावरचे शिक्के आणि क्रमांक एकेक करून वहीशी ताडले तेव्हा ते सगळे जागेवर सापडले. कागदावर मेलेली वस्तू जिवंत करायला खूप सह्या लागतात. एवढ्यावर निभावलं हे आमचं भाग्य, कारण ‘गहाळ’ ठरलेली वस्तू पुढे रद्दीत गेली तर तिचा हिशेब कोणी विचारत नाही.

नाव बदलणाऱ्या नियतकालिकाचं काय करायचं याबद्दल ग्रंथालयशास्त्रात एकेकाळी तीन मतं होती. सगळे अंक पहिल्या नावाखाली ठेवा, सगळे शेवटच्या नावाखाली ठेवा, किंवा प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद करून त्या नोंदी एकमेकींना जोडा. १९४९ च्या अमेरिकी नियमांत शेवटच्या नावाची पद्धत होती. १९६७ च्या आंग्ल-अमेरिकी तालिकीकरण नियमांनी प्रत्येक नावाची वेगळी नोंद ही पद्धत पत्करली, आणि आजचे आरडीए नियम त्याच वाटेवर आहेत. आपल्याकडे डॉ. रंगनाथनांनी १९३४ च्या ‘क्लासिफाइड कॅटलॉग कोड’पासून नियतकालिकांच्या या गुंतागुंतीचा स्वतंत्र विचार केला होता. माझं मत स्वच्छ आहे. वाचक आपल्याकडे येतो तो एखाद्या तळटीपेतलं नाव घेऊन. लेख छापला गेला तेव्हा मुखपृष्ठावर जे नाव होतं तेच तळटीपेत असतं, म्हणून तालिकेतही त्याला तेच नाव भेटलं पाहिजे.

कार्डांच्या काळात शेवटच्या नावाची पद्धत वापरणारेही जुनी नावं कार्डावर लिहून ठेवत आणि ‘पाहा’ अशी उलटी कार्डं घालत. संगणकात धोका वाढला आहे. कार्डावर खाडाखोड केली तर ती दिसायची. कोहासारख्या ग्रंथालय-प्रणालीत तुम्ही शीर्षकाच्या रकान्यात जाऊन नवं नाव टंकलंत की त्या नोंदीला जोडलेले सगळे जुने अंक क्षणात नव्या नावाचे होतात आणि जुन्या नावाचा मागमूस राहत नाही. म्हणून माझी पहिली विनंती हीच, की नावाचा मोठा बदल दिसला तर जुन्या नोंदीला हात लावू नका. तिची वर्गणी-नोंद बंद करा, शेवटच्या अंकाचं वर्ष व क्रमांक भरा, नव्या नावाची नवी नोंद उघडा, आणि मग दोन्ही बाजूंनी दुवा घाला. मार्क या संगणकीय नोंदपद्धतीत ७८० या क्षेत्रात आधीचं नाव जातं, ७८५ मध्ये नंतरचं. बरेच जण नव्या नोंदीत ७८० भरतात आणि जुन्या नोंदीकडे परत जाऊन ७८५ भरायचं विसरतात. मग जुन्या नावाने शोधणाऱ्याला वाटतं की मासिक तिथेच संपलं.

मोठा बदल कोणता आणि किरकोळ कोणता? नियम म्हणतो, नावाच्या पहिल्या पाच शब्दांत फरक पडला तर सामान्यतः मोठा बदल धरावा. मराठी नियतकालिकांची नावं बहुधा एका-दोन शब्दांची असल्याने आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बदल या चाळणीत अडकतो, आणि खरा निर्णय अपवादांवर ठरतो. ‘मासिक’, ‘पत्रिका’, ‘साप्ताहिक’ असे प्रकार सांगणारे शब्द आले-गेले तर तो किरकोळ बदल. १८९५ साली का. र. मित्रांनी सुरू केलेलं ‘मनोरंजन’ कोणी ‘मासिक मनोरंजन’ म्हणून नोंदवतं, कोणी नुसतं ‘मनोरंजन’. त्याच्या दोन नोंदी करू नयेत, पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात दुसरं रूप द्यावं. अंकाऐवजी अक्षरात संख्या लिहिली, जोडशब्द तोडला, विरामचिन्ह बदललं, तरी तेच. शंका उरलीच तर किरकोळ धरा, असंही नियम सांगतो. ‘किर्लोस्कर खबर’मधली ‘खबर’ प्रकार सांगणारा शब्द आहे असं कोणी म्हणेल. मी तो मोठा बदल मानते, कारण नावाबरोबर मासिकाचं स्वरूपही कारखान्यापलीकडे गेलं होतं.

लेखननियमांतून आलेले बदल आपल्याकडे फार आहेत. १९६२ च्या नियमांनंतर शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ झाला, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘अभिरुचि’ची ‘अभिरुची’ झाली, ‘सह्याद्रि’चा ‘सह्याद्री’. नाव बदललेलं नाही, लिहिणं बदललं आहे. इथे नोंद एकच ठेवायची, पण दोन्ही रूपं शोधात सापडतील अशी भरायची. संगणकाला ऱ्हस्व आणि दीर्घ ही दोन वेगळी अक्षरं आहेत.

आता जिथे मोह होतो ती जागा. बाबासाहेब आंबेडकरांची पत्रं आपण एका दमात सांगतो : १९२० चं ‘मूकनायक’, १९२७ चं ‘बहिष्कृत भारत’, १९२८ चं ‘समता’, १९३० चं ‘जनता’, १९५६ चं ‘प्रबुद्ध भारत’. चळवळीचा इतिहास म्हणून ती एक साखळी आहे. तालिकाकाराने मात्र ही सगळी ७८० आणि ७८५ ने बांधू नयेत. ‘मूकनायक’ बंद पडलं आणि काही वर्षांनी ‘बहिष्कृत भारत’ नव्याने सुरू झालं, ती दोन स्वतंत्र पत्रं. ‘जनता’चं नाव बदलून ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ झालं, हे मात्र खरंखुरं नामांतर. तिथे दुवा हवा, दोन्हीकडून हवा. बाकीच्या नात्यांसाठी साधी टीप किंवा विषयशीर्षक पुरतं. ज्या नात्याला अंकातल्या निवेदनाचा आधार आहे तेवढंच जोडा.

याच उदाहरणात सारख्या नावांचा पेचही आहे. ‘प्रबुद्ध भारत’ म्हणून शोधलं तर रामकृष्ण संघाचं १८९६ पासूनचं इंग्रजी मासिकही समोर येतं. ‘जनता’ म्हटलं तर १९४६ मध्ये सुरू झालेलं समाजवाद्यांचं इंग्रजी साप्ताहिक येतं. अशा वेळी शीर्षकापुढे कंसात गाव किंवा सुरुवातीचं साल देऊन नोंदी वेगळ्या कराव्यात. शिवाय २०१७ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ पुन्हा निघू लागलं. अशा पुनरागमनाची जुन्याच नोंदीत भर घालण्याआधी नव्या अंकावर वर्ष १, अंक १ छापला आहे का, प्रकाशक कोण आहे, हे अंक हातात घेऊन पाहा.

संस्थेचं नाव शीर्षकात असलं की पाच शब्दांची चाळणी पुरत नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं नियतकालिक घ्या. संस्थेची सुरुवात १८०४ मध्ये ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ म्हणून झाली, पुढे ती रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, मग ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ आणि आता ‘ऑफ मुंबई’. नियतकालिकाचं नाव प्रत्येक वेळी संस्थेमागे गेलं. शेवटच्या बदलात पहिले पाच शब्द तसेच आहेत, बदललं आहे फक्त शहराचं नाव. तरीही हा मोठा बदल, कारण शीर्षकातल्या संस्थेचं अधिकृत नाव बदललं. याउलट ‘केसरी’ १८८१ मध्ये साप्ताहिक म्हणून निघाला, मग आठवड्यातून दोनदा आणि पुढे रोज निघू लागला, तरी नाव तेच असल्याने नोंद एकच. पूर्वीचा कालावधी ३२१ मध्ये, चालू कालावधी ३१० मध्ये.

‘इकॉनॉमिक वीकली’चं उदाहरण महाविद्यालयांच्या ग्रंथपालांसाठी. सचिन चौधुरींनी १९४९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं हे साप्ताहिक १९६५ च्या अखेरीस थांबलं आणि १९६६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आलं, खंड १ पासून. अनेक ठिकाणी दोन्हींचे खंड एकाच नोंदीखाली आहेत, म्हणजे ‘खंड १’ दोनदा. वाचकाला १९४९ चा खंड १ हवा असतो आणि शिपाई १९६६ चा काढून देतो.

आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक शीर्षकाचा असतो, प्रकाशकाचा नव्हे. नाव मोठं बदललं की प्रकाशकाने नवा क्रमांक घ्यायचा असतो, आणि छापील व ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा. लहान प्रकाशक वर्षानुवर्षं जुनाच क्रमांक छापत राहतात. त्यामुळे क्रमांक जुळला म्हणून शीर्षक तेच, असं समजून पुढे जाऊ नका. नोंदणीचीही एक बाजू आहे. एका मालकाकडे असलेल्या शीर्षकासारखं शीर्षक त्याच भाषेत किंवा त्याच राज्यात दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून नव्याने नोंदणी करताना प्रकाशक नावाला ‘नव’ किंवा गावाचं नाव जोडतात. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात जुनं लोकप्रिय नाव आणि आत बारीक अक्षरात नोंदलेलं नाव, असंही दिसतं. दोन्ही नावं टिपून ठेवा.

दिवाळी अंकांबद्दल थोडंसं. मासिकाचा दिवाळी अंक पुष्कळदा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक असतो. ते न पाहता नोव्हेंबरचा अंक ‘आला नाही’ म्हणून एजंटला पत्र गेलं की दोन्हीकडचा वेळ जातो. अंकावरचा ‘अंक १०-११’ असा मजकूर जसाच्या तसा भरा. आणि ‘मौज’सारखं एकेकाळचं साप्ताहिक पुढे फक्त वार्षिक दिवाळी अंक म्हणून उरलं असेल, तर तोही कालावधीचा बदल म्हणून लिहा.

या सगळ्याचा पुरावा मुखपृष्ठावर आणि श्रेयनामावलीत असतो. आणि बाइंडर नेमकं तेच फाडतो. जिल्द जाड होऊ नये म्हणून मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकण्याची जुनी सवय आहे. आमच्याकडच्या ‘किर्लोस्कर’च्या खंडांत नाव नेमकं कोणत्या अंकापासून बदललं हे शोधताना हाती काही लागेना, कारण मुखपृष्ठं गेलेली होती. शेवटी संपादकीय पानाच्या माथ्यावरून ठरवावं लागलं. बाइंडरला लेखी सांगा : मुखपृष्ठ काढायचं नाही, दोन नावांचे अंक एका जिल्दीत घालायचे नाहीत, वर्षाच्या मध्येच नाव बदललं असेल तर तिथेच जिल्द तोडायची, आणि कण्यावर त्या खंडातल्या अंकांवर असलेलंच नाव घालायचं. खर्च थोडा वाढतो. समितीसमोर त्यासाठी भांडावं लागलं तर भांडा.

शेवटचा प्रश्न बंद पडलेल्या मासिकांचा. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं हे सर्वांना ठाऊक आहे, पण बहुतेक मासिकं निरोप न घेता थांबतात. अंक येईनासे झाले म्हणून लगेच शेवटचं साल भरू नका. वर्गणी भरली होती का, एजंट बदलला का, प्रकाशकांचा पत्ता तोच आहे का, हे आधी पाहा. नोंदीतलं अखेरचं साल रिकामं ठेवून ‘आमच्याकडील शेवटचा अंक’ एवढंच लिहा. प्रकाशकांच्या घरी दूरध्वनी करून खात्री झाली तर ती माहिती कुठून व कोणत्या तारखेला मिळाली हे टिपेत घाला, म्हणजे तुमच्या जागी पुढे येणाऱ्याला तोच दूरध्वनी पुन्हा करावा लागणार नाही.